खिशातली वही आणि खिशातला बाजार

रोजच्या टिपणांसाठी, तारखांसाठी, पत्त्यांसाठी हातात मावेल असं एक वेगळं यंत्र असावं, असं म्हटलं की हल्ली एकच उत्तर मिळतं. "फोन आहे ना!" हे उत्तर असं ठामपणे येतं की पुढे काही बोलायची सोयच राहात नाही. जणू निकाल लागला, कोर्ट उठलं, वकील घरी गेले. माझ्या पुतण्याने तर मागच्या महिन्यात सरळ सांगितलं, "काकू, तू पण ना! दोन-दोन डबडी कशाला बाळगायची?" तो बंगळूरला संगणकातच काम करतो, तेव्हा त्याचं म्हणणं घरात सगळ्यांना वेदवाक्य वाटतं. मला वाटत नाही. का वाटत नाही ते आज जरा भांडायच्या सुरातच लिहिणार आहे. नातेवाइकांना माझी सवय आहे, बाकी ब्लॉगकर मंडळींनी कृ. ह. घ्या.

आधी प्रश्न नीट मांडू. (चौतीस वर्षं वर्गात काढली, प्रश्न नीट लिहिल्याशिवाय उत्तराला हात घालू द्यायची सवय नाही.) आपल्यासारख्या साध्या माणसाला अशा यंत्राकडून हवं तरी काय असतं? चार नंबर आणि पत्ते. काही तारखा, म्हणजे वाढदिवस, विम्याचा हप्ता, सिलिंडर कधी लावला, गोळ्या कधी संपणार. आज करायची कामं. आणि सटरफटर टिपणं, म्हणजे पडद्याचं माप, चष्म्याचा नंबर, कोणी दिलेली लोणच्याची रीत, कोणाला उसने दिलेले पाचशे रुपये. झालं, एवढंच. याच्या पलीकडे फार काही नाही.

हे काम आपल्याकडे यंत्राशिवाय उत्तम चालत आलेलं आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू केलं आणि मराठी घराला भिंतीवर टांगलेली एक वहीच मिळाली. तारखेच्या चौकोनात दुधाचा खाडा, मोलकरणीची सुट्टी, इस्त्रीचे कपडे, सगळं असायचं. त्याच चौकोनात तिथी, नक्षत्र, संकष्टी. घरातला कोणीही उठून ते वाचू शकत होता, त्यात लिहू शकत होता. त्याला पासवर्ड नव्हता. या साध्या गोष्टीचं मोल काय ते पुढे सांगते.

हातात मावणाऱ्या यंत्राने हे काम करावं ही कल्पना काही नवी नाही. इंग्लंडच्या सायॉन कंपनीने १९८४ मध्ये 'ऑर्गनायझर' नावाचं यंत्र काढलं होतं. पण या विषयातली खरी शिकवण मिळते ती अमेरिकेतल्या दोन यंत्रांच्या गोष्टीतून, आणि "फोन आहे ना" म्हणणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा वाचावी.

पहिलं यंत्र ॲपलचं न्यूटन. ॲपलचे तेव्हाचे प्रमुख जॉन स्कली यांनी १९९२ च्या जानेवारीत 'पर्सनल डिजिटल असिस्टंट' हा शब्दप्रयोग जगापुढे ठेवला आणि १९९३ च्या ऑगस्टमध्ये न्यूटन मेसेजपॅड बाजारात आला. किंमत सातशे डॉलरच्या आसपास. तुम्ही तुमच्या नेहमीच्या अक्षरात लिहा, यंत्र ते वाचेल, समजेल, निरोप पाठवेल, भेट ठरवेल... काय काय करेल! प्रत्यक्षात ते लिहिलेलं भलतंच वाचायचं. अमेरिकेतल्या वर्तमानपत्री चित्रमालिकेत त्याची टिंगल झाली. पुढे त्याचं वाचन पुष्कळ सुधारलं, पण बसलेलं नाव पुसलं गेलं नाही. शिवाय तो शर्टाच्या खिशात मावत नव्हता. १९९८ मध्ये ॲपलने तो बंदच केला.

दुसरं यंत्र जेफ हॉकिन्स यांचं. यांची गोष्ट मला फार आवडते. यंत्र बनवण्याआधी त्यांनी काय केलं, तर शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला आणि तो खिशात घालून ते हिंडू लागले! कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा बाहेर काढायचा, त्यावर काडीने टकटक करायचं, पुन्हा खिशात. लोकांना वेड लागलंय असं वाटलं असेल. पण त्यातून त्यांना कळलं की आपण दिवसातून कितीदा आणि कशासाठी ही वस्तू बाहेर काढतो. यंत्र काय काय करू शकेल हा प्रश्न त्यांनी मागे ठेवला आणि खिशात राहील का, पटकन निघेल का, हे आधी पाहिलं. १९९६ मध्ये त्यांचं 'पायलट' आलं. दोन बारीक पेन्सिल सेल, करडा पडदा, आणि स्वस्तातल्या यंत्रात स्मरणशक्ती फक्त १२८ किलोबाइट. आज तुमच्या फोनने काढलेला वरणभाताचा एक फोटो त्याच्या वीस-पंचवीस पट जागा खातो. आणि तेवढ्यात माणसांचे शेकडो पत्ते आणि तारखा मावत होत्या.

अक्षर वाचण्याच्या बाबतीतही हॉकिन्स यांनी शहाणपणा केला. यंत्राला माणसाचं अक्षर शिकवायचा हट्ट सोडला आणि माणसालाच एक सोपी बाराखडी गिरवायला लावली. प्रत्येक अक्षर एका फटक्यात, हात न उचलता. तिला 'ग्राफिटी' म्हणत. पहिलीच्या वर्गात आपण पाटीवर गिरवून घेतो तसंच हे. लोक कुरकुरत शिकले आणि मग खरोखर भराभर लिहू लागले. (हे नाव पेनवाल्या पायलट कंपनीला झोंबलं, तिने हरकत घेतली, आणि शेवटी यंत्राच्या नावातून 'पायलट' गेलं, नुसतं 'पाम' उरलं. असो.)

मात्र सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याच्या खालच्या बाजूला होती. तिथे बटणं होती, त्यातली चार अशी: तारखांची वही, पत्त्यांची वही, कामांची यादी, टिपणं. यंत्र बंद असताना यातलं कोणतंही दाबलं की यंत्र चालू होऊन थेट त्याच पानावर यायचं. मध्ये काही नाही. स्वागत नाही, जाहिरात नाही, "आपल्याला हे आवडेल" नाही. शेल्फातून वही काढावी आणि खूण घातलेलं पान उघडावं, तसं.

आता तुमचा फोन घ्या. विम्याच्या हप्त्याची तारीख बघायची आहे. बाजूचं बटण दाबलं, बोट ठेवलं (माझं बोट तो दर तीन वेळांत एकदा ओळखत नाही, भांडी घासून घासून रेषा झिजल्या), उघडला. उघडल्यावर काय दिसतं? कोणाचा तरी सुविचार, बँकेची कर्ज घ्या म्हणून विनवणी, क्रिकेटचा स्कोअर, कुटुंबाच्या गटात आलेले सव्वीस फोटो. त्यातला एक बघायला गेलं की... विमा राहिला. दहा मिनिटांनी फोन खाली ठेवला की आठवतं, अरेच्चा, आपण उघडला कशाला होता? पुतण्या म्हणतो हा शिस्तीचा प्रश्न आहे, यंत्राचा नव्हे. बाळा, मी आयुष्यभर मुलांना शिस्त लावली. भर बाजारात पाट मांडून कोणी अभ्यास करत नाही, आणि बसवलाच एखाद्याला तर दोष मुलाला देत नाहीत. आमच्या शाळेच्या भिंतीला लागून एक वडापावची गाडी उभी राहायची. मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला कोणतंही व्याकरण कोणाच्या डोक्यात शिरायचं नाही. गाडी जरा पुढे सरकवली आणि काम भागलं.

फोनचे मालक आपण आहोत असं वाटतं खरं. पण तो फोन दिवसातून कितीदा आपल्याला हाक मारतो आणि आपण कितीदा त्याला, हे एक दिवस कागदावर रेघा मारून मोजा. मी मोजलंय, आकडा सांगत नाही, तुमचा तुम्हीच काढा.

आता आपल्याकडची गोष्ट. नव्वदच्या दशकात आखातात नोकरीला असलेले दीर-भाऊ येताना काय काय आणायचे ते सगळ्यांना आठवत असेलच. अत्तराची बाटली, बदाम, आणि 'डिजिटल डायरी'. पाकिटाएवढं, दुमडणारं, आत इवलीशी बटणं. माझ्या दिरांनी मला एक आणून दिली होती. चांगल्या नावाजलेल्या कंपनीची होती, नाव कशाला घेऊ. त्यात मराठी नव्हतं. सगळी माणसं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. आमच्या शाळेतल्या दोन बाई, एक 'साने' आणि एक 'साणे', तिच्यात एकाच घरच्या झाल्या! पुढे एकदा तिने सेल बदला असं सांगितलं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं त्या क्रमानेच सेल बदलले, आणि डायरी कोरी! एकूण एक नाव गेलं. दुकानदार म्हणाला, असं होतं कधी कधी. मी कागदाची वही मोडीत काढलेली नव्हती, म्हणून माझं काही अडलं नाही. पण शाळेतल्या एका सहकारी शिक्षकांचं अशाच प्रकाराने लग्नाच्या आमंत्रणांच्या ऐन घाईत फार वाईट झालं.

म्हणजे मी काही "जुनं ते सोनं" म्हणणारी नव्हे, हे लक्षात घ्या. ती जुनी यंत्रं बऱ्याच बाबतीत वाईट होती. पायलटचंही तेच होतं. त्यातली स्मरणशक्ती सेलवर जगायची, आणि सेल बदलायला फार वेळ लावला तर लिहिलेलं सगळं जायचं. मूळ यंत्रात देवनागरी नव्हती. ज्या कंपनीच्या भरवशावर लोकांनी आपलं आयुष्य त्यात ओतलं, ती २०१० मध्ये एचपीने १२० कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०११ मध्ये त्या यंत्रांचा गाशा गुंडाळला. आज हौसेने कोणी जुनं पाम मिळवून वापरत असेल तर त्याला माझा नमस्कार, पण रोजच्या वापराला ते घ्या असं मी कोणाला सांगणार नाही.

आपल्या देशातही एक प्रामाणिक प्रयत्न झाला होता, तो आज कोणाला आठवत नाही याचं मला वाईट वाटतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोअर कंपनीचे लोक यांनी मिळून 'सिम्प्युटर' नावाचं हातात धरायचं यंत्र आखलं. २००१ मध्ये त्याचा नमुना लोकांपुढे आला आणि २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्समार्फत 'अमिडा सिम्प्युटर' विक्रीला आला, सुमारे दहा हजार रुपयांपासून पुढे. आपल्या भाषा दाखवणारं, वाचून दाखवणारं यंत्र, आणि एक यंत्र अनेकांनी वापरावं म्हणून प्रत्येकाचं आपलं वेगळं कार्ड. गावातल्या माणसाला इंग्रजी येत नाही, त्याला एकट्याला यंत्र परवडत नाही, इथून त्यांनी विचार सुरू केला होता. विकलं गेलं फारच थोडं. तोवर मोबाईल स्वस्त होत चालले होते, आणि ज्याच्याकडे दहा हजार होते त्याला बोलता येणारं यंत्र हवं होतं. धंद्याच्या हिशोबात ते हरलं. पण भाषेचा प्रश्न त्यांनी पहिल्या पानावर घेतला होता, जो आजही अनेकांच्या शेवटच्या पानावर असतो.

"पण आता फोनमध्ये मराठी आहे की!" आहे ना. छान आहे. मी हा लेख त्याच कृपेने लिहिते आहे. पण एक गंमत सांगते, शिक्षकी गंमत. 'कऱ्हाडकर' हे आडनाव घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एका पद्धतीत खाली टिंब असलेला र वापरून, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही बहुतेक सारखेच दिसतात, आणि यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. तुम्ही एका कळफलकावर नाव लिहून ठेवलं, वर्षभराने फोन बदलला, दुसऱ्या कळफलकाने शोधलं, तर कऱ्हाडकर सापडेलच अशी खात्री नाही! ते आत आहेत, मजेत आहेत, पण हाकेला ओ देत नाहीत. वऱ्हाडातले, गोऱ्हे, चऱ्होलीचे पाहुणे, सगळ्यांची हीच तऱ्हा. (या 'तऱ्हा'ची सुद्धा.) म्हणून यंत्र घ्यायच्या आधी दुकानात उभं राहून हेच नाव दोन्ही प्रकारे लिहून शोधून पाहा. विक्रेता कंटाळेल. कंटाळू दे.

दुसरी परीक्षा तिथीची. माझ्या सासूबाईंचं श्राद्ध तिथीने होतं. यंत्राला "दर वर्षी आठवण कर" सांगितलं की ते इंग्रजी तारीख धरून बसतं. तिथी दर वर्षी सरकते, आणि अधिक महिना आला की सगळंच पुढे जातं. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, तेव्हा नंतरचे सगळे सण कसे लांबले ते आठवा. मराठी पंचांग दाखवणारी ॲप आहेत, पण त्यातल्या बऱ्याच जणांत तिथीपेक्षा जाहिरातीच मोठ्या. तेव्हा मी काय करते, तर पाडव्याला बसून भिंतीवरच्या 'कालनिर्णय'मधून वर्षाच्या आठ-दहा तिथी हाताने यंत्रात भरते. अर्धा तास लागतो. हे काम यंत्रावर सोपवण्यासारखं नाही असं माझं मत झालं आहे, पण ज्यांचं वेगळं आहे त्यांच्याशी मी भांडणार नाही. निदान या मुद्द्यावर.

आता ज्या मुद्द्यावर भांडणार आहे तो.

माझा थोरला भाऊ २०२२ च्या पावसाळ्यात गेला. दादा अतिशय टापटिपीचा माणूस. निवृत्तीनंतर त्याने सगळी व्यवस्था फोनमध्ये लावली होती आणि त्याचा त्याला अभिमान होता. कुठली ठेव कुठे, कोणाचे पैसे यायचे, कोणाचे द्यायचे, सोसायटीच्या पावत्या, वहिनीच्या औषधांच्या वेळा, गावाकडच्या जमिनीच्या वाटणीत कोण काय बोललं, सगळं. फोन अंगठ्याने उघडायचा. तो हॉस्पिटलात असताना केव्हातरी फोन बंद पडला, आणि एकदा बंद होऊन चालू झाला की तो अंगठा मानत नाही, आकडेच मागतो. आकडे दादाला माहीत. वहिनीने लग्नाची तारीख घालून पाहिली, मुलांच्या जन्मतारखा घातल्या, शेवटी हात जोडले. विक्रीनंतरच्या सेवेच्या दुकानात गेलो तर तिथल्या मुलाने समजावलं, की सगळं पुसून फोन नवा करून देतो, आतलं काढून देता येणार नाही. तो नियमाने बरोबरच बोलत होता. पण वहिनीचा चेहरा मला अजून दिसतो. तिच्या घरातली वही तिला वाचता येत नव्हती.

शेवटी काय उपयोगी पडलं? ड्रॉवरमध्ये खाली असलेली १९८७ सालची रेक्झिनच्या कव्हरची फोनची वही आणि दादाने बँकेच्या पासबुकात मागे पेन्सिलने केलेल्या खुणा. त्यावरून पुढचे चार महिने आम्ही एकेक धागा काढत बसलो. काही धागे सापडलेच नाहीत.

"यात फोनचा काय दोष, दादांनी कोणाला तरी आकडे सांगायला हवे होते," हे मला सांगून झालेलं आहे. बरं. पण आकडे सांगितले म्हणजे काय काय सांगितलं? फोनच्या त्या एका कुलपामागे वहीही आहे, बँकही आहे, सगळी पत्रंही आहेत. वहीची किल्ली द्यायची तर तिजोरीची द्यावी लागते आणि खाजगी पत्रांचीही. म्हणून माणूस देत नाही. आमच्या लहानपणी दूधवाल्याची वही खुंटीला असायची आणि दागिने कपाटात असायचे. कोणी दोन्हींना एकच कुलूप लावत नव्हतं. मी वेगळं यंत्र मागते आहे ते एवढ्याचसाठी, आणि याला मला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

कंपन्यांनी यावर काही सोयी केल्या आहेत, त्या लपवत नाही. गूगलमध्ये २०१३ पासून अशी सोय आहे की ठरावीक काळ खातं वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला आतला मजकूर मिळावा. ॲपलने २०२१ च्या डिसेंबरात 'लेगसी कॉन्टॅक्ट' दिला. या दोन्ही आजच करून ठेवा, हा लेख अर्धा सोडून केल्यात तरी चालेल. कारण गूगलने २०२३ च्या डिसेंबरपासून दोन वर्षं न वापरलेली खाती पुसायचं धोरण लागू केलं आहे. पण ही सोय जिवंतपणी, समजून उमजून, इंग्रजी पडद्यांतून वाट काढत करावी लागते. खुंटीवरच्या वहीला असा अर्ज भरावा लागत नव्हता.

आणि कुलपाची दुसरी बाजू. फोन आपल्या माणसांना आत येऊ देत नाही, परक्यांना मात्र त्याचं दार उघडं. 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालून म्हाताऱ्यांना लुबाडायचे प्रकार २०२४ मध्ये इतके वाढले की खुद्द पंतप्रधानांनी त्या ऑक्टोबरात रेडिओवरून सावध केलं. लग्नपत्रिका म्हणून पाठवलेली फाईल उघडली की आत चोर शिरतो, हेही पोलिसांनी सांगून झालं. म्हणजे जगातला कोणीही ज्या दारावर थाप मारू शकतो, त्याच दाराच्या आत आपण आधार कार्डाचे फोटो, पिन आणि पत्ते मांडून ठेवतो, आणि वर म्हणतो, "सगळं एका ठिकाणी, किती सोयीचं!" ज्या यंत्रात सिम नाही त्याला फोन करून धमकावता येत नाही.

मग घ्यायचं काय? लिहायच्या इलेक्ट्रॉनिक पाट्या निघाल्या आहेत, डोळ्यांना सुखद, कागदासारख्या. किंडल स्क्राइब, रिमार्केबल वगैरे. भाचीने एक दाखवली, मला मोह झाला, नाही असं नाही. पण त्यातल्या बहुतेकांचा पडदा दहा इंचांच्या आसपास किंवा त्याहून मोठा. हॉकिन्स यांच्या ठोकळ्याच्या परीक्षेत त्या पहिल्याच मिनिटाला नापास. भाजी घ्यायला जाताना पाटी काखोटीला मारून कोण जातं? आणि किंमत ऐकून मी तिला चहा करून दिला आणि विषय बदलला.

मी स्वतः वापरते ते यंत्र म्हणजे घरात पडलेला एक जुना, लहान फोन. सिम काढलं. आतलं सगळं पुसून नव्यासारखा केला. तारखा, पत्ते, कामं, टिपणं आणि गजर एवढंच ठेवलं, बाकी जे काढता आलं ते काढलं, जे निघेना ते आतल्या पानावर ढकललं. पहिल्या पानावर फक्त चार चित्रं, हॉकिन्स यांच्या चार बटणांसारखी. इंटरनेट बंद. चार आकड्यांचं कुलूप आहे, ते घरात तिघांना माहीत आहे, कारण आत चोरण्यासारखं काही नाही. बँकेचे पिन यात नाहीत आणि दुसऱ्याही कुठल्या यंत्रात नाहीत. पुतण्या हसला, "म्हणजे शेवटी फोनच की!" अरे हो, पण ज्याला कोणी हाक मारू शकत नाही असा. वस्तू तीच, काम वेगळं. पितळेचा तांब्या पूजेत असतो आणि बाथरूममध्येही असतो, म्हणून कोणी अदलाबदल करत नाही.

त्याचे तोटेही सांगते. बॅटरी म्हातारी आहे, दीड दिवस टिकते. ती फुगलेली दिसली तर त्या दिवशी यंत्र निवृत्त. तसंच वरच्या दादांच्या प्रकारानंतर एक नेम ठेवला आहे. दर तीन महिन्यांनी सगळं बाहेर काढायचं. पत्त्यांची फाईल 'व्हीसीएफ', तारखांची 'आयसीएस', टिपणं साध्या अक्षरफाईलमध्ये. ही कोणा एका कंपनीची मिरासदारी नाही, म्हणून पुढच्या यंत्रातही उघडतील. विकत घेताना दुकानदाराला बॅटरी आणि कॅमेरा विचारता ना, तसंच हेही विचारा, की यात लिहिलेलं बाहेर कसं निघतं. "त्याची गरजच पडणार नाही, मॅडम" असं उत्तर आलं तर ते यंत्र तिथेच ठेवून या. 'गूगल नोटबुक'वर विसंबलेल्यांनाही गरज पडणार नाही असंच वाटत होतं. ते २०१२ मध्ये बंद झालं, आणि ती काही लहानसहान कंपनी नव्हे.

आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, पत्त्यांचा आणि पैशांच्या नोंदींचा कागदावर छाप काढून कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवते. सुनेला जागा माहीत आहे. यंदाचा छाप सतरा पानांचा झाला, झेरॉक्सवाल्याने "पुस्तक काढताय का बाई?" म्हणून विचारलं.

वहिनीलाही मी असंच एक यंत्र लावून देते आहे. तिला अक्षरं मोठी हवीत, आणि कामांच्या यादीत औषधांच्या वेळा सगळ्यात वर. फोन मिळालाय, पण त्याला जुन्या पद्धतीची चपट्या पिनची वायर लागते, ती सापडत नाहीये. तुमच्यापैकी कोणाच्या घरी वायरींच्या डब्यात पडली असेल तर कळवा, माणूस पाठवून मागवून घेईन. पुतण्याकडे डबाभर असतील, पण या लेखानंतर त्याच्याकडे मागायची जरा पंचाईत आहे.